पाळीव टॅरांटुलाचा आहार

पाळीव टॅरांटुलाचा आहार म्हणजे बंदिस्त अवस्थेत ठेवलेल्या टॅरांटुला कोळ्यांना भक्ष्य पुरविण्याची पद्धत होय. टॅरांटुला हे थेराफोसिडी कुळातील मोठे, केसाळ व मांसाहारी कोळी आहेत. पाळीव टॅरांटुलांना मुख्यतः रातकिडे, झुरळे व भुंगेऱ्यांच्या अळ्या दिल्या जातात. हे भक्ष्य बहुधा जिवंत असते. मात्र चुकीच्या वेळी पेटीत सोडलेले जिवंत भक्ष्य कोळ्याच्याच मृत्यूस कारण ठरू शकते.

शिकार व पचन

टॅरांटुलाला आठ डोळे असले तरी त्याची दृष्टी कमकुवत असते. भक्ष्याच्या हालचालीने निर्माण होणारी कंपने तो पायांवरील संवेदनशील केसांद्वारे टिपतो. जाळ्यात भक्ष्य अडकविण्याऐवजी तो बिळाच्या किंवा ढोलीच्या तोंडाशी दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेल्या कीटकावर झडप घालतो. विषदंतांनी भक्ष्य निश्चल केल्यावर तो त्यावर पाचकरस सोडतो व द्रवरूप झालेले अन्न शोषून घेतो. उरलेला चोथा लहान गोळीच्या रूपात टाकून दिला जातो.

भक्ष्याची निवड व प्रमाण

भक्ष्य साधारणपणे कोळ्याच्या उदराच्या लांबीपेक्षा मोठे नसावे. अगदी लहान पिल्लांना मारलेला कीटक किंवा अळीचा तुकडा दिला जातो. तो ती स्वीकारतात. वाढत्या पिल्लांना आठवड्यातून एक-दोन वेळा, तर प्रौढ कोळ्यांना एक ते दोन आठवड्यांतून एकदा आहार पुरेसा होतो. पाणी मात्र उथळ भांड्यात सतत उपलब्ध ठेवावे लागते. निरोगी प्रौढ टॅरांटुला अनेकदा काही महिने उपाशी राहू शकतो. अति आहाराने उदर फुगते आणि अशा अवस्थेत कोळी थोड्या उंचीवरून पडला तरी उदर फाटण्याचा धोका असतो.

न खाल्लेला कीटक २४ तासांच्या आत बाहेर काढणे आवश्यक असते. आहार देण्यासाठी लांब चिमटा वापरतात. भारतीय प्रजातींच्या अंगावर अमेरिका खंडातील अनेक प्रजातींप्रमाणे खाज आणणारे केस नसतात. परंतु त्या चपळ असतात आणि पोएसिलोथेरिया प्रजातीच्या दंशाने माणसाला तीव्र वेदना व स्नायूंमध्ये पेटके येऊ शकतात.

कात टाकण्याच्या काळातील धोका

कात टाकण्यापूर्वी टॅरांटुला खाणे थांबवतो, त्याचा रंग फिका पडतो आणि हालचाल मंदावते. प्रत्यक्ष कात टाकताना तो सहसा पाठीवर उताणा पडतो. अशा वेळी तो मेला असे समजून त्याला हलविल्यास इजा होते. मृत टॅरांटुलाचे पाय बहुधा शरीराखाली आत वळलेले असतात.

कात टाकल्यानंतर त्वचा व विषदंत मऊ असल्याने कोळी शिकार किंवा प्रतिकार करू शकत नाही. पेटीत राहिलेला रातकिडा त्याला कुरतडून जखमी करू शकतो किंवा मारू शकतो. त्यामुळे विषदंत पुन्हा काळे व कठीण होईपर्यंत, म्हणजे लहान कोळ्यांमध्ये काही दिवस व मोठ्यांमध्ये सुमारे दोन आठवडे, भक्ष्य दिले जात नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

या शहरांत घरातील झुरळांवर औषधफवारणी किंवा कीटकनाशक जेल वापरण्याची पद्धत सर्रास आहे. पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणीही केली जाते. अशा कीटकनाशकाच्या संपर्कात आलेले झुरळ कोळ्यासाठी विषारी ठरू शकते. म्हणून घरात किंवा आवारात पकडलेल्या कीटकांऐवजी खाद्य म्हणून वाढविलेले कीटक सुरक्षित मानले जातात. धूरफवारणीच्या वेळी खिडक्या बंद ठेवून पेटीही धुरापासून दूर ठेवणे इष्ट असते.

जून ते सप्टेंबरमधील दमट हवेत भक्ष्याचे अवशेष लवकर कुजतात आणि त्यांवर बुरशी व सूक्ष्म कोळीड वाढतात. त्यामुळे या काळात पेटीची स्वच्छता व हवेशीरपणा यांना विशेष महत्त्व येते. परदेशी जातीची खाद्य-झुरळे बाहेर सोडू नयेत.

कायदेशीर बाजू

पोएसिलोथेरिया रेगॅलिस हा वृक्षवासी टॅरांटुला पश्चिम घाटात आढळतो. ठाणे शहराला लागून असलेला येऊरचा वनभाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वन्यजीव उचलून नेणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पोएसिलोथेरिया प्रजातीचा २०१९ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. मेक्सिकोतील ब्रॅकिपेल्मा प्रजातीही त्याच परिशिष्टात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ‘साइट्स’च्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास त्याची माहिती देऊन नोंदणी करावी लागते. जुलै २०२१ मध्ये चेन्नई येथे सीमाशुल्क विभागाने पोलंडहून टपालाने आलेले १०७ जिवंत कोळी जप्त केले होते.

प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० मध्ये ‘प्राणी’ या संज्ञेत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो. त्याच्या कलम ११ नुसार केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य होईल अशा रीतीने कोंडणे ही क्रूरता आहे. त्यामुळे कोळ्याला आहार देणे आणि प्रेक्षकांसाठी भक्ष्याच्या मृत्यूचा देखावा मांडणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात.