शुक्राणूचे केंद्रक : गुणसूत्र-स्थानांतरणाचा परिणाम

मानवी शुक्राणूच्या केंद्रकात 23 गुणसूत्रे असतात. शुक्राणू पक्व होताना बहुतेक हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामिन प्रथिने घेतात आणि डीएनए अतिशय घट्ट बसतो. ही नुसती कोंबाकोंबी मात्र नव्हे : गुणसूत्रबिंदू आतल्या बाजूला गोळा होतात, गुणसूत्रांची टोके परिघाकडे राहतात, प्रत्येक गुणसूत्राची जागाही बऱ्यापैकी ठरलेली असते.

रॉबर्टसनी स्थानांतरणात दोन गुणसूत्रे जोडली जातात. 13 व 14 यांची जोडणी सर्वाधिक आढळते. अशा स्थानांतरणाच्या वाहकाच्या पेशींत 45 गुणसूत्रे दिसतात. तो सहसा धडधाकट असतो. अडचण कळते ती मूल होत नाही किंवा पत्नीचे गर्भपात होत राहतात तेव्हा. अशा काही वाहकांच्या शुक्राणूंत गुणसूत्रांच्या जागा सरकलेल्या आढळल्या आहेत. गर्भावर त्याचा परिणाम सिद्ध झालेला नाही. असंतुलित, म्हणजे गुणसूत्रे कमी-जास्त असलेल्या, शुक्राणूंचा धोका मात्र पक्का.

अशा जोडप्याला मिळणारा कॅरिओटाइप (गुणसूत्र-तपासणी) अहवाल रक्ताचा असतो. लिम्फोसाइट पेशी सुमारे 72 तास वाढवून विभाजन मध्येच थांबवतात. त्यात स्थानांतरण दिसते, शुक्राणूतली मांडणी नाही. ती मांडणी पाहण्यासाठी शुक्राणूचे केंद्रक रसायनाने सैल करून चकाकणारे डीएनए-शोधक वापरावे लागतात. सैल करताना मांडणी थोडी बिघडतेच.