शाळेतील समुपदेशक : आपल्या शहराच्या इतिहासातून



आपल्या घरांत मुलांच्या शिक्षणाविषयी बोलणे निघाले की दोन शब्द जोडीने येतात : तालीम आणि तरबियत. (मराठीत तालीम म्हटले की कुस्तीचा आखाडा आठवतो, ती गोष्ट निराळी.) तालीम म्हणजे विद्या, आणि तरबियत म्हणजे मुलाच्या मनाची, स्वभावाची, चारचौघांतील वागणुकीची जोपासना. तालीम देण्यासाठी आपल्या समाजाने पदरमोड करून शाळा काढल्या, इमारती उभारल्या, शिक्षक नेमले. तरबियतीसाठी वेगळा माणूस नेमण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात आले नाही. ते काम घरी आई करील, मशिदीत मौलवीसाहेब करतील आणि उरलेसुरले वर्गशिक्षक पाहतील, असे आपण धरून चाललो.

दिनांक २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीला धक्का दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. त्या निकालात न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, हे त्यांतील एक. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने म्हटले. सरकारी नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि एकूण आत्महत्यांपैकी २,२४८ परीक्षेतील अपयशामुळे झाल्या. हे आकडे वाचून कोणत्या बापाच्या काळजात चर्र होणार नाही?

तेव्हा समुपदेशक नेमावा लागणार, हे ठरल्यासारखेच आहे. प्रश्न उरतो तो आपण त्याला कसा स्वीकारणार याचा. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते, आम्ही काय शिकलो नाही?’ असे पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. आमच्या वेळी काय होते आणि काय नव्हते, ते एकदा नीट पाहू या.

पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. उत्तरेच्या डोंगराकडून नहरीने पाणी आणून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे, ही करामत १७४४ च्या सुमाराची. पाहुणे आले की आपण त्यांना तेथील हौद आणि कारंजी दाखवितो. पण ते जाते कशासाठी होते? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आश्रयाला राहणारे शिष्य, फकीर आणि वाटसरू यांच्या पोटासाठी पीठ दळण्यासाठी. ज्याला शिकवायचे त्याच्या भाकरीची आणि निवाऱ्याची चिंता आधी वाहायची, ही रीत या शहराला नवी नाही. मात्र पोटाची चिंता दिसते, तशी मनाची दिसत नाही. जाते बांधता येते. मुलाच्या मनातील भीतीसाठी काय बांधावे, हे जगालाही फार उशिरा उमगले.

आपल्या देशात त्याची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. शाळेत न रमणारे, चोरी करणारे, अंथरुण ओले करणारे, एकाएकी अबोल झालेले मूल तेथे येई. ते ‘द्वाड’ आहे असे ठरवून छडी उगारण्याऐवजी त्याच्या घरी काय चालले आहे, याची चौकशी होई. पुढे १९५० साली मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालयही काढले. पण त्या वेळी आपले औरंगाबाद मुंबई राज्यात नव्हते. आपण हैदराबाद संस्थानात होतो. आणि ज्या वर्षांत आपल्या मुलांना अशा केंद्राची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्या वर्षांत ते आपल्याकडे नव्हते.

ती वर्षे कोणती, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. तरुण वाचकांसाठी मात्र सांगितले पाहिजे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जुलुमाने मराठवाड्यातील अनेक हिंदू कुटुंबे गावे सोडून संस्थानच्या सरहद्दीबाहेर गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई संपली, संस्थान भारतात आले, आणि नंतरच्या दिवसांत पुष्कळ गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाअखेर संस्थानात फिरून पाहणी केली. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही मराठवाड्यातील दोन नावे तिने दिली. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

हा इतिहास उगाळण्यासाठी येथे काढलेला नाही. विचार फक्त मुलांचा करा. दोन्हीकडच्या घरांतील मुले पुढे शाळांच्या बाकांवर येऊन बसली. कोणाचा बाप गेला होता, कोणाचे घर जळाले होते. त्यातच शिक्षणाची भाषाही बदलत होती. संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतूनच शिकवी. मराठी घरांतील मुलांनी त्यामुळे जे सोसले होते, तेच आता उलट्या बाजूने उर्दू घरांतील मुलांच्या वाट्याला आले. घरात वडीलधारे त्या दिवसांविषयी बोलत नसत, कारण बोलले तर रडू येई. आणि शाळेत विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. हजेरीपटावर नाव, जन्मतारीख आणि फी यांचे रकाने होते. ती मुले आज आजोबा-आजी झाली आहेत. त्यांच्यातील काहीजण रात्री दाराची कडी दोनदा तपासतात, ते का, हे नातवंडांनी एकदा प्रेमाने विचारून पाहावे.

याच शहरात, त्याच सुमारास, एका मोठ्या माणसाने दुसऱ्या दुखावलेल्या समाजासाठी विद्येचे घर उभारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नावाकडे लक्ष द्या. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, आणि परिसराचे नाव नागसेनवन. नागसेन हा त्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देणारा भिक्षू. खेड्यातून, गावकुसाबाहेरून आलेली मुले येथील वसतिगृहात राहिली. पुस्तकांचा अभ्यास तर त्यांना होताच; पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाचे ओझेही बरोबर होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांना लिहिते केले आणि रंगमंचावर उभे केले. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक येथलेच. मनात कोंडलेले शब्दांत उतरले की ओझे हलके होते, हे त्यांनी समुपदेशनाचे कोणतेही प्रमाणपत्र नसताना ओळखले होते. मराठवाड्यातील दलित साहित्याला या परिसराने जे बळ दिले, त्याच्या मुळाशी ही आस्था होती, असे माझे मत आहे.

आपल्या समाजापुरते पाहिले तर डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय काढले, ही घटना मोठी. १९४८ नंतर खचलेल्या समाजाला ‘तुमच्या मुलांचे भविष्य याच मातीत आहे’ असे सांगणारी ती इमारत होती. संस्था अशी उभी राहते तेव्हा एका अर्थाने ती साऱ्या समाजाचे समुपदेशनच करते.

पण चांगल्या प्राचार्यावर, प्रेमळ वसतिगृहप्रमुखावर किंवा एखाद्या उस्तादावर सारे सोपविण्यात एक अडचण आहे. ते निवृत्त झाले की काम थांबते. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. जो शिक्षक गुण देतो, जो मुख्याध्यापक दाखला देतो आणि जो शुक्रवारी मशिदीत वडिलांना भेटतो, त्याला मूल आपली खरी गोष्ट सांगत नाही. नववीतील मुलगी आपले लग्न ठरविले जात आहे हे गणिताच्या सरांना कसे सांगेल? शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये रात्री दहापर्यंत राबणारा मुलगा पहिल्या तासाला का पेंगतो, हे तो छडीच्या भीतीने सांगणार नाही, आणि बापाच्या अब्रूच्या काळजीने तर मुळीच सांगणार नाही.

शिक्षणाचे धुरीण हे ओळखून होते. मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात माध्यमिक शाळांतील मार्गदर्शनाला स्वतंत्र स्थान दिले. कोठारी आयोग १९६६ साली त्यापुढे गेला. मार्गदर्शन म्हणजे केवळ नोकरीची दिशा दाखविणे नव्हे, ते शिक्षणाचाच भाग आहे आणि प्राथमिक शाळेपासून हवे, असे त्याने सांगितले; आणि दर दहा माध्यमिक शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, इतकी माफक शिफारस केली. दहा शाळांत एक! तीही सर्वत्र पाळली गेली नाही. आपल्या राज्यात मार्गदर्शन म्हटले की लोकांना व्यवसाय मार्गदर्शनच कळे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची राज्यभर कलचाचणी झाली, ती त्याच परंपरेतील. तिचा कागद घरी आला. पण तो मुलासमोर ठेवून ‘तुला यातले काय पटते?’ असे विचारणारा माणूस बहुतेक शाळांत नव्हता.

मराठवाड्यात मुलांच्या मनाकडे सर्वांचे लक्ष प्रथम गेले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील गावेच्या गावे भुईसपाट केली. ढिगारे उपसून झाले, तंबू लागले, धान्य आले, आणि मग कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले की पोरे छपराखाली झोपायला तयार नाहीत. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुस्तके, गणवेश आणि जेवण देऊन भागणार नाही, या मुलांच्या रात्रींची काळजीही कोणी तरी वाहिली पाहिजे, हे त्या वेळी साऱ्यांना दिसले. खेद इतकाच, की त्यासाठी धरणी हलावी लागली. ज्या मुलाच्या एकट्याच्या पायाखालची जमीन हलते, त्याच्यासाठी तंबू लागत नाहीत.

आता या माणसाचे काम कसे चालते ते थोडे सांगतो, कारण गैरसमज फार आहेत. समुपदेशक उपदेश करीत नाही. उपदेश करणारे मुलाभोवती पुष्कळ असतात. तो ऐकतो, विचारतो, आणि मुलाला स्वतःची वाट स्वतः शोधण्यास मदत करतो. उर्दू माध्यमातून दहावी झालेले मूल अकरावी विज्ञानाला जाते आणि एकाएकी सारे इंग्रजीत सुरू होते. काल वर्गात पहिले येणारे मूल आज शेवटच्या बाकावर तोंड लपविते. ते मंद झालेले नसते, भांबावलेले असते. हे दोन महिन्यांत ओळखले तर मूल टिकते. वर्ष गेले तर ते कॉलेज सोडते आणि आपण ‘नशीब’ म्हणतो. तो औषध देत नाही. झोप उडाली, जेवण तुटले, मरणाची भाषा सुरू झाली, तर तो पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे पाठवितो. दुवा आणि नमाज यांच्याशी त्याचे काही भांडण नाही. ताप आला तर दुवाही मागतो आणि दवाखान्यातही जातो, तसेच हे.

मूल जे सांगेल ती अमानत असते, हे पालकांनी पक्के समजून घ्यावे. ‘आमच्या मुलीने काय सांगितले?’ असे विचारीत आईवडील दारात उभे राहिले, तर पुढच्या आठवड्यात दुसरी कोणतीही मुलगी त्या दाराची पायरी चढणार नाही. या अमानतीला मर्यादा आहेत. जिवाला धोका असेल तर सांगावेच लागते. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने तक्रार करणे सक्तीचे आहे, शाळेच्या अब्रूसाठी ते झाकता येत नाही. या मर्यादा चांगला समुपदेशक मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

संस्थाचालकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून देऊ नका. ग्रंथालयाच्या बाजूला द्या, म्हणजे तेथे जाणारे मूल पुस्तक घ्यायला गेले की बोलायला, हे कोणाला कळणार नाही. दुसरे, त्या माणसावर गैरहजर शिक्षकांचे तास आणि परीक्षेची देखरेख लादू नका. मुलींच्या शाळेत शक्य तर बाई नेमा, उर्दू आणि मराठी दोन्ही सहज बोलणारी. कारण दुःख मूल आपल्या घरच्या बोलीत सांगते. ज्या शाळेत शंभर मुले नाहीत, तेथून घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधीच बोलून ठेवता येईल. कोणत्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग असतो आणि शाळेचे पत्र कोणाला द्यायचे, एवढे शाळेच्या वहीत लिहून ठेवले तरी वेळेला धावाधाव होणार नाही. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना पगाराची ही एक ओळ त्यात असू द्यावी, आणि पालकांनी पहिल्या सभेत ती आहे की नाही, हे विचारावे.