पात्याचे पाणी आणि गवंड्याचा चाकू

घर बांधणाऱ्या माणसाच्या हत्यारांची मोजदाद करू लागल्यास थापी, ओळंबा, गुण्या आणि हातोडा यांची नावे प्रथम ओठांवर येतात. चाकूचे नाव सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः परांचीचा दोर, सिमेंटच्या पोत्याची शिवण, फळ्यांना गुंडाळलेली सुतळी, सुताराच्या पेन्सिलीचे टोक, या साऱ्यांस दिवसातून दहा वेळा चाकू लागतो. बेळगाव-निपाणीच्या टापूत देवळाचा जीर्णोद्धार असो की महामार्गालगतची नवी इमारत असो, तेथे राबणाऱ्या मजुराच्या खिशात मिटता चाकू असतोच. तो कसा असावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याच्या उत्तरावर गरीब माणसाची बोटे अवलंबून असतात. आणि त्या उत्तराचा बराचसा भाग आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात दडलेला आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’ याच्या कुळातला. ‘चाकू’ मात्र तुर्कीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तुर्की भाषेत आजही ‘चाकी’ म्हणजे खिशातला मिटता चाकू. पोलादासाठी कन्नडात ‘उक्कू’ हा शब्द आहे. इंग्रजांनी दक्षिणेतील पोलादास जे ‘वूट्झ’ नाव दिले, ते या ‘उक्कू’चेच बिघडलेले रूप, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्या सीमेवर उभे आहो, तिच्या एका बाजूची भाषा जगाच्या धातुशास्त्रात जाऊन बसली आहे.

या उक्कूची कीर्ती कशी पसरली, हेही जाणण्यासारखे आहे. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांस या पोलादाचे नमुने धाडले. 1795 साली जॉर्ज पिअर्सन याने त्यांवर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने त्या पोलादातून लेखणी टाचण्याचा चाकू घडविला आणि त्याची धार वाखाणली गेली. पुढे 1820 साली याच स्टोडार्टसह मायकेल फॅरडे पोलादाच्या मिश्रणांचा अभ्यास करीत होता. आपल्याकडील मातीच्या मुशीतून निघालेल्या धातूचे गुपित उकलण्यासाठी ही सारी खटपट चालली होती.

परंतु ते पोलाद घडविणाऱ्या भट्ट्या मात्र थंडावल्या. कोळशासाठी लागणारे रान आटत व महागत गेले. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने 1740 च्या सुमारास मुशीचे पोलाद सिद्ध केले होते. 1856 साली बेसेमरची रीत आली आणि विलायती लोखंड स्वस्तात बंदरी उतरू लागले. आगगाडीने ते घाटमाथ्यावर आणून टाकले. लोहाराचा भाता राहिला, पण कच्चा माल परका झाला. विसाव्या शतकात बेळगावने ओतकामात मोठे नाव मिळविले, उद्यमबागेतील ओतशाळा सर्वश्रुत आहेत. तथापि ओतीव बीड हे यंत्रांच्या अंगासाठी. त्याची धार होत नाही.

याचे कारण समजले की चाकूची निवड निम्मी साधली. लोखंडातील कार्बनच्या प्रमाणावर सारा खेळ आहे. नरम घडीव लोखंडात तो नाममात्र, म्हणून ते वाकते. बिडात दोन ते चार टक्के, म्हणून ते ठिसूळ. जुन्या उक्कूत दीड टक्क्याच्या आसपास. आणि रोजच्या चाकूस साधारण अर्धा ते एक टक्का पुरतो. त्यावर लोहार जे ‘पाणी’ देतो, ते पात्याचे खरे शील. पाणी जास्त कडक दिले तर पाते खिळ्यावर आपटताच तुटते; नरम राहिले तर दुपारपर्यंत बोथट होते. बांधकामावर नरमपणा एक वेळ परवडतो, कारण बोथट पाते निसण्यावर पाच मिनिटांत उजळते, तुटलेल्या पात्यास मात्र इलाज नाही. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद पुढे आणले. ज्याचे काम सदा पाण्यात, त्याने ते घ्यावे. ज्यास पाते पुसून तेलाचे बोट फिरविण्याची सवय आहे, त्यास साधे पोलाद अधिक लाभते.

दुसरी गोष्ट बिजागरीची. मिटता चाकू जेथे मिटतो, तेथेच तो दुबळा. फ्रान्सच्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा अत्यंत साधा चाकू काढला. पण पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे त्यास 1955 साली लाभले. तोवर कामकऱ्याच्या बोटांस केवळ सावधपणाचाच आधार होता. जपानातील मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ याहून साधा, पाते, मूठ आणि एक खिळा. तेथे पाते अंगठ्यानेच दाबून धरावे लागते. नुसत्या कमानीवर उघडे राहणारे पाते दोर ओढून कापताना उलटून बोटांवर बसू शकते. म्हणून आडकाठी नसलेला चाकू कितीही स्वस्त मिळाला तरी बांधकामासाठी घेऊ नये.

दुकानात उभे राहून एवढे पाहावे. पाते उघडून आजूबाजूस हलवावे, डुलता कामा नये. पाठीकडून लाकडावर हलकेच दाबून पाहावे, आडकाठी सुटता कामा नये. मिटल्यावर पाते खाचेच्या मधोमध बसावे. तीन-साडेतीन इंच लांबी आणि सुमारे दोन मिलिमीटर जाडी पुरे. मुठीस दोरी ओवण्यास भोक असावे, म्हणजे परांचीवरून चाकू खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणार नाही. रामपुरीसारख्या लांब पात्याचा मोह धरू नये. त्याची ख्याती भयाची आहे, कामाची नव्हे, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याची दृष्टीही कामाचे अवजार व शस्त्र यांत भेद करते. चाकूने पत्रा उचकटणे किंवा स्क्रू फिरविणे म्हणजे त्याचा अंत ओढवून घेणे होय. त्यासाठी छिन्नी आहे, पेचकस आहे.

किंमत देताना एक तत्त्व ध्यानी ठेवावे: ज्याची धार मालकास स्वतः लावता येते आणि ज्याचा ढिला खिळा गावचा लोहार ठोकून देऊ शकतो, तो चाकू खरोखर स्वस्त. आपल्याकडील लोहार व घिसाडी मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून कोयते आणि विळे घडवितात. पाणी देण्याची विद्या त्यांच्या हातून अजून गेलेली नाही. भट्टी विझली तरी ती विद्या उरली, हीच या प्रदेशाच्या उक्कूची शिल्लक म्हणावी लागेल.

खंडेनवमीस, ज्यास कन्नड शेजारी आयुधपूजा म्हणतात, आपण हत्यारांस गंधफूल वाहतो. थापी-ओळंब्याच्या शेजारी त्या दिवशी हा लहानसा चाकूही मांडावा, आणि मांडण्यापूर्वी त्याचा गंज काढून खिळ्यात तेलाचा थेंब सोडावा. पूजेइतकीच ती हत्याराची सेवा होय, आणि ते धरणाऱ्या हाताचीही.