गुलाबांतील दरबार

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत पंधराव्या शतकाच्या मध्यास विणलेल्या एका भिंतपडद्याचे तुकडे आहेत. पांढऱ्या, तांबड्या व हिरव्या पट्ट्यांवर गुलाब फुलले असून त्यांत उंची वस्त्रें ल्यालेले दरबारी स्त्रीपुरुष उभे आहेत. हे रंग फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याचे. म्हणून पडदा त्याच्याचसाठीं विणला असावा, असा तर्क आहे.

श्रोतेहो, हें भरतकाम नव्हे. आपल्या पैठणीच्या पदराप्रमाणें रंगीत बाणा हव्या तेवढ्याच जागेंत फिरवून चित्र वस्त्रांतच विणलें आहे. लोकर, रेशीम आणि जर! दगडी दालनांतील थंडी अडविणारें हें वैभव गुंडाळून मुक्कामोमुक्कामीं नेतां येई. पण जरीनेंच अशा कित्येक पडद्यांचा घात केला: १७९७ सालीं फ्रान्सच्या क्रांतिसरकारनें राजसंग्रहांतील जरतारी पडदे सोन्यारुप्यासाठीं जाळले.