ठाण्याची तलावपाळी व तेथील देवालयाचा काल

ठाणें शहरीं मासुंदा तळ्याच्या कांठानें जो रस्ता फिरतो त्यास लोक तलावपाळी म्हणतात. कांठावर एकीकडे कोपिनेश्वराचें देवालय, दुसरीकडे इ. स. १९७८ सालीं उघडलेलें गडकरी रंगायतन, जवळच पोर्तुगीज अमदानीपासूनचें सेंट जॉन दि बॅप्टिस्ट चर्च, तळ्यांत कारंजीं व नावा. सायंकाळीं येथें फिरावयास येणाऱ्यांची दाटी असते, व त्यांतील कोणासही विचारावें तर देवालय शिलाहारांनीं बांधिलें असें निःशंक उत्तर मिळतें. या समजास पुरावा कितपत आहे तें पाहूं.

हल्लीं उभें असलेलें देवालय पेशवाईंतील होय. इ. स. १७३७ त मराठ्यांनीं साष्टी पोर्तुगीजांपासून घेतली; पुढें १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं हें देवालय बांधविलें, आणि १८७९ सालीं लोकवर्गणींतून त्याची डागडुजी झाली. आंतील लिंग प्रचंड आहे व तें फार जुनें असूं शकेल; परंतु लिंगाचें वय भिंतींस लावणें हा न्याय नव्हे. जुन्या जागीं नवें देऊळ उठणें आपल्याकडे नित्याचें आहे.

नांवाविषयींही थोडें लिहिणें अवश्य आहे. ‘कोपिनेश्वर’ म्हणजे कोपी, रागीट, असा ईश्वर, ही व्युत्पत्ति व्याकरणास धरून नाहीं. ‘कोपिन्’ शब्दाचा ‘ईश्वर’ शब्दाशीं समास करितां नकार लोपून ‘कोपीश्वर’ असें रूप होईल. ‘कौपीनेश्वर’ हें मात्र शुद्ध आहे. ‘कौपीन’ शब्द पाणिनीनें (५.२.२०) निपातनानें साधिला असून त्याचा मूळ अर्थ ‘अकार्य’ असा आहे, लंगोटी हा अर्थ त्यावरूनच पुढें रूढ झाला. दिगंबर वा कौपीनधारी शिव, असाच अर्थ येथें घेणें सरळ दिसतें. औकाराचा ओकार बोलण्यांत सहज होतो.

आतां शिलाहारांचा पुरावा. तो तळ्यावर नव्हे, किल्ल्यांत निघाला. ज्या किल्ल्याचें काम पोर्तुगीजांनीं आरंभिलें, जो इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ त घेतला, व ज्यांतून सप्टेंबर १८१६ त त्रिंबकजी डेंगळे निसटले, तोच हा किल्ला. पुढें त्याचा तुरुंग झाला. १७८७ सालीं तेथें पाया खणतांना अरिकेसरी शिलाहाराचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट मिळाला व त्याचें भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच भागांत छापलें गेलें. आपल्या प्रांतांतील उत्कीर्ण लेखांच्या अभ्यासाचा हा अगदीं आरंभकाल. परंतु येथेंही सावध राहिलें पाहिजे. ताम्रपट ही जंगम वस्तु; दान घेणाऱ्याचे वंशज तो बरोबर नेतात, भयाच्या वेळीं पुरून ठेवितात. सबब ज्या जागीं तो सांपडला त्या जागेचाही इतिहास त्यावरून सिद्ध होत नाहीं, मग तळ्याकांठच्या देवालयाचा कोठून होणार? शिलाहारांच्या वैभवास या देवालयाची साक्ष लागते असेंही नाहीं. कोंकणच्या अपरादित्य राजानें तेजकंठ नांवाचा पंडित काश्मीरांतील विद्वत्सभेस धाडिला होता, हें मंखाच्या ‘श्रीकंठचरितां’त स्पष्ट आहे.

याच शहरीं १ जून १८९३ रोजीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. त्याच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे होते, पोथ्यांसाठीं भाव्यांनीं किती उंबरठे झिजविले हें संग्राहकांस सांगावयास नको. मात्र पोथी ज्या आस्थेनें जपली गेली त्या आस्थेनें जमाखर्चाचे कागद जपले गेले नाहींत, आणि प्रस्तुत वादाचा निकाल त्यांवरच अवलंबून आहे. १७६० च्या आगेमागें साष्टींत सरसुभ्याकडून दगड, चुना व गवंड्यांची मजुरी यांवर झालेल्या खर्चाच्या यादी, तसेंच देवस्थानाच्या नेमणुकीचे कागद, ज्यांच्या दप्तरीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला, कागद कोणत्या घरीं व कोणत्या रुमालांत मिळाला या टिपेसह, प्रसिद्ध कराव्या. जुन्या देवळाचे दगड नव्या कामांत वापरले काय, एवढें जरी त्यांतून कळलें तरी पुष्कळ होईल.