ऊदवादक झिर्याब : एका उस्तादाची शिकवण

अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे लाकूड. आपल्या घरी धूप म्हणून जाळला जाणारा ऊद आणि अरबांचे आवडते तंतुवाद्य ऊद, या दोहोंची नावे याच शब्दापासून आली आहेत. फुगीर पोटाचे, आखूड मानेचे हे वाद्य अब्बासी खलीफांच्या बगदादेत मोठ्या मानाला चढले. खलीफा हारून अल्-रशीद (इ. स. ७८६ ते ८०९) यांच्या दरबारात इब्राहीम अल्-मौसिली व त्यांचे पुत्र इसहाक हे ऊदवादनातील श्रेष्ठ उस्ताद होते. इसहाक नुसते कलावंत नव्हते. हदीस, फिकह, भाषा व काव्य यांतही ते पारंगत होते. गायक म्हणून त्यांचा एवढा बोलबाला नसता तर आपण त्यांना काझी नेमले असते, असे खलीफा मामून म्हणाल्याची आख्यायिका आहे.

अबुल हसन अली इब्न नाफी हा याच इसहाक यांचा शागीर्द. तो मुक्त केलेला गुलाम होता. सावळा वर्ण आणि गोड गळा यांमुळे लोक त्याला 'झिर्याब' या काळ्या गाणाऱ्या पक्ष्याच्या नावाने ओळखत. शागीर्द आपल्यापुढे जात आहे हे पाहून उस्तादाच्या मनात मत्सर जागा झाला आणि झिर्याबला बगदाद सोडावे लागले, असे अंदलुसी इतिहासकारांनी लिहिले आहे. उत्तर आफ्रिकेतील कैरवान येथे काही काळ राहून तो इ. स. ८२२ मध्ये स्पेनमध्ये पोहोचला. कुर्तुब्याचे अमीर दुसरे अब्दुर्रहमान यांनी त्याला दरमहा २०० दीनार वेतन बांधून दिले.

ऊदला पाचवी तार जोडण्याचे आणि लाकडी नखीऐवजी गरुडाचे पीस वापरण्याचे श्रेय परंपरा झिर्याबला देते. तथापि त्याचे खरे मोठेपण शिक्षक म्हणून आहे. संगीताविषयी आपल्या उलेमांत मतभेद आहेत. त्या वादात न शिरताही त्याच्या अध्यापनपद्धतीपासून आपणास पुष्कळ घेता येईल.

नवा विद्यार्थी आला की झिर्याब प्रथम त्याचा आवाज पारखीत असे. आवाज दुबळा असल्यास कमरेला पागोटे घट्ट बांधून गायला लावी. तोंड नीट उघडत नसल्यास दातांत लाकडाचा तुकडा धरावयास सांगे. शिकवताना आधी शब्द व ताल, नंतर साधी चाल आणि शेवटी अलंकार, असा त्याचा क्रम असे. दोष सापडला म्हणून विद्यार्थ्याला परत न पाठवता दोषावर उपाय शोधणे, हे खऱ्या शिक्षकाचे लक्षण नव्हे काय?

त्याने आपली विद्या घरातही लपवून ठेवली नाही. मुलांबरोबर हमदूना व उलय्या या दोन्ही मुलींना त्याने ती दिली. सर्व भावंडांत उलय्या दीर्घायुषी ठरली आणि पित्याची कला पुढील पिढीने तिच्याकडून घेतली. मुलीला शिकवले नसते तर ती परंपरा तेथेच खुंटली असती!

अंदलुसमधून ऊद युरोपात रुजला. स्पॅनिशमधील 'लाऊद' व इंग्रजीतील 'ल्यूट' ही नावे 'अल्-ऊद' याचीच रूपे होत. झिर्याबचा मृत्यू इ. स. ८५७ च्या सुमारास झाला.

पालकांनो, विद्यार्थी मित्रहो! दरबार गेले, दीनारही संपले; टिकली ती दुसऱ्याला दिलेली विद्या. आपल्या मुलामुलींना ती देताना हात आखडता घेऊ नका.