हार्लेमचें मैत्रीगृह

ज्युबिलीच्या अंकांत दूरच्या हार्लेमची कथा कशाला, असें कोणी पुसेल. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलांच्या अभ्यासवर्गासाठीं पुढें येत आहेत, म्हणून ती सांगतों.

हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती. रशियन राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या कॅथरीन द ह्यूक यांनीं तेथें १९३८ सालीं एका दुकानाच्या जागेंत ‘फ्रेंडशिप हाऊस’ म्हणजे मैत्रीगृह उघडलें. वेतनावांचून राबणारे स्वयंसेवक मुलांसाठीं वाचनालय व वर्ग चालवीत. १९४१ सालीं थॉमस मर्टन यांनींहि तेथें कांहीं दिवस सेवा केली. त्याच वर्षाअखेर ते ट्रॅपिस्ट मठांत गेले.

परंतु त्या काळीं तेथील कित्येक कॅथलिक विद्यालयांचीं दारें ह्याच मुलांना केवळ वर्णामुळें बंद होतीं, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला कां असेना! बाईंनीं हें कॅथलिकांच्याच सभांतून उघड सांगितलें, आणि अनेक स्वधर्मीयांचा रोष पत्करला.